मोहाच्या हंगामासाठी मुकादम

नंदुरबार
३ फेब्रुवारी २०२५

सीमे,

फोनवर तुझ्या पाठीमागे सतत कुणीतरी "सीमा, मीटिंग सुरू झाली" म्हणून ओरडत असतं. मग तू नुसतं "हं, हं" करतेस आणि माझं अर्धं बोलणं राहूनच जातं. म्हणून आज बसून सविस्तर मेल लिहिते आहे. हॉस्टेलच्या सुट्टीत तू आमलीपाड्याहून आणि मी खांडबाऱ्याहून पत्रं लिहायचो ना, तसलंच हे समज. वाचायला वेळ नाही म्हणालीस तर याद राख.

तुला ठाऊक आहे, आमची कंपनी डोंगरातल्या बायकांच्या गटांकडून मोहफुलं, चारोळी, आमचूर घेते. गावच्या केंद्रावर वजन होतं, ते फोनमध्ये भरतात, फोनला रेंज मिळाली की ते आमच्याकडे येतं. मग इकडे एकामागून एक कामं चालतात. वजनं तपासायची, बेरजा करायच्या, उद्या कुठल्या गावाला गाडी जाणार ते ठरवायचं. आजवर हे सगळं ईश्वरने लिहिलेल्या छोट्या छोट्या प्रोग्रॅमवर चाललं. ईश्वर धानोऱ्याचा, डोक्याने तल्लख, पण त्याचे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतच नाहीत गं! आधीच्याचं उरकलं का, हे पुढचा विचारतच नाही. घड्याळात वेळ झाली की निघाला आपला. गेल्या हंगामात वजनं यायच्या आत गाड्या ठरल्या आणि निम्म्या गाड्या रिकाम्या हिंडून आल्या.

तर आता या सगळ्यांवर एक मुकादम हवा आहे. कोण आधी, कोण नंतर, कोण अडलं, अडलं तर कुणाला हाक मारायची, हे बघणारा. तुमच्या भाषेत डेटा ऑर्केस्ट्रेशन प्लॅटफॉर्म. आम्ही मुकादमच म्हणतो, जीभ तरी वळते.

तिघे उमेदवार आहेत. एक म्हातारबा, जुना, नावाजलेला, सगळं काम घड्याळावर लावतो. दुसरे जावईबापू, दुसऱ्यांच्या सर्व्हरवर भाड्याने राहतात, दिसायला देखणे. तिसरी धाकटी. ती नवीन आहे, फार कुणाला माहीत नाही, आणि घड्याळापेक्षा माल आला का त्याकडे बघते. माझ्या टीममधल्या कामिनीला धाकटी आवडली आहे. ईश्वर म्हणतो, "ताई, आपला घरना पोऱ्या बरा शे, बाहेरना मुकादम कसाले?" घरचा पोऱ्या म्हणजे त्याचे ते प्रोग्रॅम!

आता खरी गोष्ट. पुण्याच्या मुख्य ऑफिसचे लिमये सर म्हणालेत, मार्चअखेर निवडा आणि मोहाच्या हंगामात चालवून दाखवा. नाही जमलं, तर हे सगळं काम पुण्याची टीम घेईल आणि नंदुरबारचं ऑफिस बंद. ईश्वरचे आईवडील थकलेत, तो धानोरा सोडणार नाही. कामिनीचं लग्न नवापूरला ठरलंय. आणि मी? सीमे, ही टीम मी उभी केली आहे. ती मोडली तर मला फार लागेल, हे तुला सोडून कुणाला सांगू?

तू रोज हेच करतेस. सांग, कुणाला ठेवू?

तुझी
हीना


हैदराबाद
९ फेब्रुवारी

शेठाणी,

वाचलं, दोनदा वाचलं. मीटिंग चालू असताना वाचलं, म्हणजे बघ.

आधी एक सांगते. कंपन्यांचे लोक येऊन स्क्रीनवर जे छान छान दाखवतात, त्यावर जाऊ नकोस. तुमचं एक खरंखुरं काम घे आणि तेच तिघांकडून करून घे. मग मुद्दाम बिघडव. अर्धीच वजनं दे, नेट बंद कर, एकच वजन दोनदा पाठव. चालताना सगळेच शहाणे असतात गं. पडल्यावर कोण काय बोलतो ते बघ. आणि तू रजेवर असताना कामिनीला ते एकटीला सावरता आलं पाहिजे. नाहीतर तू मुकादम ठेवला नाहीस, मुकादमाने तुला ठेवलं.

माझं मत विचारशील तर म्हातारबा. आम्ही त्यालाच सांभाळतो. अडलं तर विचारायला दहा माणसं मिळतात. धाकटी गुणाची असेल, पण तिचं दुखलं-खुपलं तर कुणाकडे जाणार? म्हातारबाचा स्वभाव कडक आहे. त्याला वेळ सांगायची, सुट्ट्या सांगायच्या, की तो चुकत नाही.

सुट्ट्यांचं मी बघते. डोंगरातली केंद्रं कधी बंद असतात ते तुम्हा खालच्या लोकांना काय कळणार? बाजाराचे वार, सणवार, सगळं लावून कॅलेंडर पाठवते. शेवटी मी तिथली आहे, हैदराबादची नाही.

ईश्वरला सांग, घरच्या पोऱ्याला हाकलायचं नाही, त्याला मुकादमाच्या हाताखाली घालायचं आहे. त्याचे प्रोग्रॅम तेच राहतील. माणसाला हे नीट सांगितलं की तो रुसत नाही.

सीमा


नंदुरबार
२ मार्च

सीमे,

तुझ्या तोंडात साखर पडो! ईश्वरला तुझं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. म्हणाला, "हैदराबादवाली ताई बराबर बोली ऱ्हायनी," आणि संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःच तीन प्रोग्रॅम जोडून दिले.

जावईबापू गेले. इथे दुपारी नेट गेलं की ते रुसायचे आणि नेट आलं तरी उठायचे नाहीत. कोण मनधरणी करत बसणार! राहिले म्हातारबा आणि धाकटी. त्यावरून कामिनीचं आणि माझं चांगलंच वाजलं. ती म्हणाली, "ताई, आपल्याकडे वजन कधी येईल ते कुणाला माहीत असतं का? मग वेळ कशाला लावायची?" मी म्हटलं, सीमा एवढ्या मोठ्या ठिकाणी हेच करते, तिला कळत नाही का?  पण धाकटीला कामिनीने बंद केलेलं नाही. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती नुसती चालू आहे. वजनं तिलाही जातात, ती आपलं आपलं ठरवते, पण तिचं कुणी ऐकत नाही. मी बघून न बघितल्यासारखं केलं. पोरीची हौस आहे, राहू दे.

तर म्हातारबा कामावर रुजू. तुझं कॅलेंडर घातलं. होळीला तेरा-चौदा मार्च सगळी केंद्रं बंद, पंधरापासून गाड्या सुरू. लिमये सर सोळाला येत आहेत, आठवडाभर राहणार. गाडीत बसून केंद्रं बघायची म्हणतात. मला त्यांच्यासमोर एकही चूक नको आहे. एकही नको!

आणि काय गं, होळीला येतेस ना? दरवर्षी "बघू" म्हणतेस. किती होळ्या झाल्या असं बघून?

हीना


हैदराबाद
८ मार्च

शेठाणी,

घाईत आहे. नाही जमणार. याच आठवड्यात आमचं मोठं काम लाइव्ह जातंय, सगळ्यांच्या रजा बंद. मे महिन्यात नक्की बघू.

काल आईचा फोन आला होता. रेंजसाठी टेकडीवर चढून लावते बिचारी. तिला म्हटलं, तेराला होळी, मला नाही येता येणार. तर म्हणते, आपली होळी अजून लांब आहे, ये तू. तिचं दिवसांचं गणित हल्ली जरा चुकतं. मी काही बोलले नाही. उगाच वाईट वाटायचं.

म्हातारबावर भरवसा ठेव. सर आले की घाबरू नकोस. तू घाबरलीस की भराभर बोलतेस, तेवढं सांभाळ.

सीमा


नंदुरबार
१८ मार्च

सीमा,

काय लिहू? कपाळाला हात लावून बसले आहे. पण सगळं सांगते, पहिल्यापासून.

तेरा-चौदाला आम्ही सगळे घरी. मी खांडबाऱ्याला, ईश्वर धानोऱ्याला, रंगात न्हालेला. म्हातारबाला सुट्टी. पंधराला येऊन बघते तर वजनांचा ढीग पडलेला! तेराला आणि चौदाला डोंगरातली बहुतेक केंद्रं उघडी होती. झाडं काय कॅलेंडर बघून फुलं टाकतात? बायकांनी पहाटे उठून वेचली, केंद्रावर आणली, वजनं भरली. म्हातारबाने त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सुट्टी म्हणजे सुट्टी. दोन केंद्रांवर ओलसर पोत्यांतली फुलं काळी पडली. आमलीपाड्याच्या केंद्रावर फुलीबाई असते, ती फोनवर मला एवढंच म्हणाली, "गाडी का नाही आली ताई? आम्ही तर बसून होतो." 

मग म्हातारबाने साचलेलं सगळं एकदम वाटून टाकलं आणि काल, सतराला, गाडी आमलीपाड्याला लावली. गाडीत लिमये सर. शेजारी मी. चालवायला उदेसिंग.

शेवटच्या वळणावर ढोल ऐकू आले. केंद्राला कुलूप. फुलीबाई नाही, कुणीच नाही. आणि समोरून अख्खा गाव नाचत येतोय! अंगभर राखेचे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचे टोप. आमलीपाड्याची होळी काल होती, सीमा. तुझ्या गावची होळी. तेराला नव्हती.

उदेसिंगने इंजिन बंद केलं आणि शांतपणे म्हणाला, "आते गाडी काही निंघाव नही, ताई." आणि उतरून गेला नाचायला! सरांभोवती पोरांनी कडं केलं, फगव्याचे, म्हणजे होळीचे पैसे मागितले, त्यांच्या पायात घुंगरू बांधले. लॅपटॉपची बॅग छातीशी धरून सर नाचले गं. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

मग तुझी आई भेटली. मला जवळ घेतलं. मी दिवस मावळल्यावर जेवत नाही हे तिला अजून आठवतं. उजेड होता तोवर ताट वाढलं, भाकरी आणि उडदाची डाळ. मी विचारलं, मावशी, होळी तेराला नव्हती का? ती म्हणाली, "ती काठी गावाकडची. इथे पंच बसतात, गावागावाचा दिवस ठरवतात. सगळ्यांची एकाच दिवशी झाली तर पाहुणे कुठून येणार? आपल्या होळीला ते येतात, त्यांच्या होळीला आपण जातो." मग माझ्या मागे, रस्त्याकडे बघून तिने विचारलं, "सीमा नाही आली?"

मला तुझा राग आला आहे. खोटं कशाला बोलू? तू म्हणालीस मी तिथली आहे, आणि मी डोळे मिटून कॅलेंडर लावलं. विचारायला मला काय झालं होतं? फुलीबाईला एक फोन केला असता तर पुरे होतं. तेव्हा निम्मा राग माझ्यावरच आहे.

सर शनिवारी निर्णय सांगणार आहेत. परत येताना गाडीत ते वहीत काहीतरी टिपत होते. ईश्वर जेवलेला नाही. सांग आता, काय करू?

हीना


हैदराबाद
१९ मार्च

हीना,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि उठून बाहेर जाऊन रडले. बऱ्याच वर्षांत अशी रडले नव्हते.

तेरा तारीख मी फोनमधल्या कॅलेंडरवरून घेतली. कुणाही परक्या माणसाने घेतली असती तशी. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी चार-चार गावांच्या होळ्या केल्या आहेत. आज मामाच्या गावी, परवा मावशीच्या. आणि हे मी विसरले! आई फोनवर सांगत होती, आपली अजून लांब आहे, तर मला वाटलं तिचंच चुकतंय. आठ वर्षं मी एकाही होळीला गेले नाही, हीना. चूक डोक्याची नाही, त्या आठ वर्षांची आहे. मला माफ कर.

आता कामाचं बोलू.

माझा सल्ला फेकून दे. म्हातारबा वाईट नाही. आमच्याकडे तो छान चालतो, कारण आमच्याकडचा माल रोज ठरल्या वेळी येतो. तुमचा येतो तो झाडाच्या, पंचांच्या आणि टेकडीवरच्या रेंजच्या मर्जीने. कामिनीने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिला माझा नमस्कार सांग.

धाकटी कोपऱ्यात चालूच आहे ना? मग तेरा-चौदाला तिने काय ठरवलं होतं ते आधी बघ. माझा अंदाज खरा असेल तर तिने त्याच दिवशी गाड्या लावल्या असतील, फक्त तुम्ही ऐकलं नाही. ते सरांना दाखव. प्रत्येक केंद्र वेगळं धरा. ज्या गावचं वजन आलं, त्या गावचं काम पुढे गेलं, दुसऱ्यासाठी थांबायचं नाही. ज्याचं आलं नाही, त्याचा स्क्रीनवरचा चौकोन लाल करू नका. लाल म्हणजे बिघाड. नुसता करडा ठेवा. करडा दिसला की कुणीतरी माणसाने फोन करून विचारायचं, काय गं फुलीबाई, आज काय आहे गावात? हे विचारणं कुठल्याही मुकादमाकडे सोपवू नका. आणि कॅलेंडर? काढून टाका. माझं तर आधी काढा.

सरांना मी वेगळं लिहिलं आहे की तारीख माझी होती, तुमची नव्हती.

आणखी एक. काल आई टेकडीवर असताना तिला फोन लागला. खूप वेळ बोलले. मी म्हटलं, आई, माझी होळी चुकली. तर ती हसली. म्हणाली, आपली झाली तर झाली, मामाच्या सागपाणीची शनिवारी आहे, तिथे ये. म्हणून तर वेगवेगळ्या दिवशी ठेवतात! साहेबांना सांगितलं, मी चालले. रजा बंद आहे म्हणाले. म्हटलं, असू दे बंद. शुक्रवारी निघते. सागपाणीला रेंज नाही, तेव्हा तुझं काय झालं ते मला कळणार नाही. जीव टांगणीला लागेल. काहीतरी करून कळव.

सीमा


नंदुरबार
२३ मार्च, रविवार

माझ्या सीमे,

तुला रेंज नाही, म्हणून ही कागदावरची चिठ्ठी. उदेसिंगच्या हाती देते आहे. तो उद्या तिकडे येतोच आहे. चहा पाजल्याशिवाय सोडू नकोस त्याला, आणि नाचायला तर मुळीच नेऊ नकोस!

तुझा अंदाज बरोबर होता. कामिनीने कोपऱ्यातला कॉम्प्युटर उघडला, आणि धाकटीने तेराला आणि चौदाला सगळ्या उघड्या केंद्रांच्या गाड्या बिनचूक लावून ठेवलेल्या! सतराला आमलीपाड्याला गाडी नाही, कारण तिथून वजनच आलं नव्हतं.  कामिनी नुसती माझ्याकडे बघून हसली. मी तिला घट्ट मिठी मारली आणि म्हटलं, बाई, यापुढे मी बघून न बघितल्यासारखं करणार नाही.

बुधवारपासून आम्ही तिघांनी मान वर केली नाही. ईश्वरने आपल्या तपासण्या धाकटीत बसवल्या. आता तो तिला "मन्ही धाकली बहीण" म्हणतो. गुरुवारपासून गाड्या तिच्या सांगण्यावर. ज्या बायकांची फुलं काळी पडली, त्यांच्याकडे मी आणि ईश्वर स्वतः जाऊन आलो, नुकसान कंपनीच्या अंगावर घेतलं. दोन शिव्या खाल्ल्या, त्या खायलाच हव्या होत्या.

काल शनिवार. लिमये सर निघायच्या बेतात, बॅग भरलेली, पुण्याला काम हलवण्याचा कागद तयार, नुसती सही बाकी. तो मला टेबलावर दिसत होता. सर म्हणाले, दाखवा तुमची धाकटी. मी स्क्रीन उघडली. सगळ्या केंद्रांचे चौकोन एकेक करून हिरवे होत होते, वजन आलं की हिरवा, आणि शेजारी गाडीचा नंबर. तू सांगितलंस म्हणून मुद्दाम सावकाश बोलले. सर बघत राहिले. मग त्यांनी एका चौकोनावर बोट ठेवलं. सागपाणी. करडा.

"हे काय, बंद पडलं?"

कामिनी काही सांगायला गेली. मी तिला थांबवलं.

"नाही सर. आज तिथे होळी आहे. आमची सीमा तिथे नाचतेय."

सर माझ्याकडे बघायला लागले. "हे तुम्हाला या प्लॅटफॉर्मने सांगितलं?"

"नाही सर. तो फक्त सांगतो की वजन आलं नाही. का आलं नाही ते आम्हाला ठाऊक असतं. नसलं तर कुणाला विचारायचं ते ठाऊक असतं."

 सरांनी टेबलावरचा कागद उचलला, घडी घातली, सही न करता बॅगेत टाकला आणि म्हणाले, "मग हे पुण्यात बसून कोण सांगणार?"

ईश्वरने लगेच धानोऱ्याला आईला फोन लावला. 

सीमे, आम्ही कुठेही जात नाही. तू सावकाश ये.

हीना